सीओपीडी : व्यायाम चालू आहे, तरी वजन उतरतंय आणि चाल वाढत नाही. आहार कसा बसवावा?

पुनर्वसन_कक्ष (प्रश्न)

फुप्फुस पुनर्वसनाच्या एका रुग्णाबद्दल मत हवं आहे. शक्य तेवढे आकडे देतो, म्हणजे मोघम बोलावं लागणार नाही.

पुरुष, वय ६६, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार). धूम्रपान चार महिन्यांपूर्वी पूर्ण बंद केलं. उंची १६५ सेंमी, वजन ४९ किलो, म्हणजे बीएमआय १८. सहा महिन्यांपूर्वी वजन ५३.५ किलो होतं. एफईव्ही१ (जोर लावून पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) अपेक्षित मूल्याच्या ३८ टक्के. धापेची एमएमआरसी श्रेणी ३, म्हणजे सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर गेलं की थांबावं लागतं. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के, चालताना ८९ पर्यंत उतरतो. हाताची पकड २१ किलो, पोटरीचा घेर ३० सेंमी. पायांवर सूज नाही. औषधांत लांब पल्ल्याचे (असर बराच वेळ टिकणारे) दोन पंप, लागेल तेव्हा वापरायचा साल्ब्युटामॉलचा पंप आणि बरीच वर्षं चालू असलेली थिओफिलिनची (श्वासनलिका सैल करणारी) गोळी.

आठ आठवडे व्यायाम झाला. रोज १५ मिनिटं झेपेल त्या वेगाने चालणं, ओठ आवळून श्वास सोडण्याचा सराव, १ किलोच्या डंबेलने हातांचे व्यायाम. सहा मिनिटांच्या चाल-चाचणीत अंतर २६२ वरून २७१ मीटर झालं. एका मिनिटात खुर्चीतून उठण्याची संख्या १४ वरून १५. याच आठ आठवड्यांत वजन मात्र १.२ किलोने घटलं.

तीन दिवसांच्या आहारनोंदीत सरासरी १२५० कॅलरी आणि ३८ ग्रॅम प्रथिनं निघाली. रात्रीचं जेवण जवळपास होतच नाही. चार घासांत पोट गच्च होतं, जेवताना धाप लागते, तोंडाला चव नाही. दुधाने कफ होतो म्हणून घरच्यांनी दूध बंद केलंय. पिष्टमय पदार्थांनी अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो असं कुणीतरी सांगितल्यामुळे तेही कमी करून तेल-लोणी वाढवलं आहे.

व्यायाम थांबवून आधी वजन वाढवावं का? प्रथिनं किती द्यावीत आणि एवढ्या कमी भुकेत ती बसवायची कशी? आणि सुधारणा होते आहे की नाही हे वजनकाट्याशिवाय कशावरून ठरवावं?

आहारवही

व्यायाम थांबवू नका. पण सध्या हा माणूस तुटीत व्यायाम करतो आहे, हे आधी मान्य करावं लागेल. सहा महिन्यांत ४.५ किलो म्हणजे ८.४ टक्के घट. प्रयत्न न करता ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं की ते झिजेचं लक्षण धरतात, आणि यांचा बीएमआयही खालचा आहे. सीओपीडीत काही जणांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चच अपेक्षेपेक्षा १० ते २० टक्के जास्त असतो, कारण श्वासाचे स्नायू दिवसभर जास्त काम करत असतात. त्यात तुम्ही रोजच्या चालण्याची भर घातली आणि ताटातलं तेवढंच राहिलं. मग शरीर स्नायू मोडून भागवतं आणि चालीची चाचणी जागच्या जागी राहते.

गणित असं. किलोमागे ३० ते ३५ कॅलरी धरल्या तर ४९ किलोला १४७० ते १७१५ लागतात, आणि हे वजन टिकवण्यापुरतंच. वाढवायचं असेल तर शेवटी १८००च्या आसपास जावं लागेल. आज १२५० आहेत. एका उडीत १८०० गाठायला गेलात तर पोट गच्च होऊन दोन दिवसांत सगळं बंद पडेल. दर आठवड्याला १५० ते २०० कॅलरींची भर पुरे, तीन-चार आठवड्यांत पोचता. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७३ ग्रॅम. वरच्या टोकाकडे जाण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी बघून घ्या. अशा सुकलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात मोजतात ते) स्नायू कमी असल्यामुळेच खाली असतं आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दिसतं, हे ध्यानात ठेवून.

दिवसाची बेरीज जमली म्हणून काम झालं असं नाही. वाढत्या वयात स्नायू बांधायला एका वेळी किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे यांना एका बैठकीला २० ग्रॅम. सकाळी ६, दुपारी २२ आणि रात्री काहीच नाही अशी वाटणी असेल तर स्नायूंना दिवसातून एकदाच माल मिळतो. तीन बैठकी २० ग्रॅमच्या आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी अशी रचना करा.

आता दूध. दुधाने श्वासनलिकेत कफ जास्त तयार होत नाही. दूध लाळेत मिसळलं की थोडा वेळ घशाशी दाट साय बसल्यासारखं वाटतं, त्यालाच लोक कफ समजतात. वरून दोन घोट पाणी प्यायलं की ते जातं. घरच्यांना हे पटवणं यांच्या बाबतीत सगळ्यात मोलाचं ठरेल, कारण कमी भुकेत प्रथिनं बसवायचा सर्वांत सोपा मार्ग तोच आहे. ५०० मिली साय न काढलेलं दूध घ्या आणि त्यात ५० ग्रॅम स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर घाला. पावडर थेट गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या थंड दुधात कालवून लापशीसारखी करा आणि मग उरलेल्यात मिसळा. एवढ्यात साधारण ५०० कॅलरी आणि ३४ ग्रॅम प्रथिनं होतात. एकदम प्यायला द्यायचं नाही. १२५ मिलीचे चार भाग करून दोन जेवणांच्या मधल्या वेळी द्या, एक भाग व्यायामानंतर. तुमच्या नोंदीतली प्रथिनांची जवळपास सगळी तूट इथेच भरून निघते. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल, तर दही किंवा लॅक्टोज काढलेलं दूध. मधुमेह असेल तर साखर न घालता.

बाकीचं ढोबळ मानाने: एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम शिजवलेल्या डाळीत ८ ते ९, १०० ग्रॅम शिजवलेल्या मासे-कोंबडीत २० ते ३०. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी. ते शिजलेल्या पदार्थावर वरून घातलं तर आकारमान न वाढता कॅलरी वाढतात. पण एका वेळी एक चमचाच, कारण पुढे सांगतो.

पिष्टमय पदार्थांच्या भीतीबद्दल. पिष्टमय पदार्थ जळताना जेवढा ऑक्सिजन लागतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो, स्निग्ध पदार्थांत हे प्रमाण ०.७ पडतं. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष फसवा. त्याला वजन येतं ते गरजेपेक्षा जास्त अन्न नळीने किंवा शिरेतून ओतलं जातं तेव्हा, म्हणजे मुख्यतः अतिदक्षता विभागात. तोंडाने १२५० कॅलरी खाणाऱ्या स्थिर माणसाला त्याची धास्ती नको. उलट जास्त स्निग्धांशाने पोट उशिरा रिकामं होतं, छातीखाली भरल्यासारखं राहतं आणि पुढचं खाणं टळतं. चार घासांत पोट भरण्यामागे हे वाढवलेलं तेल-लोणीही असू शकतं. स्थिर सीओपीडीत खास 'फुप्फुसांसाठी' म्हणून बनवलेल्या जास्त स्निग्धांशाच्या पेयांचा साध्या पूरक पेयांपेक्षा वेगळा फायदा दिसलेला नाही. थोडं थोडं आणि वारंवार हेच जास्त उपयोगी.

पायऱ्या_आणि_श्वास

फिजिओथेरपीच्या बाजूने बोलतो. आहार नीट केला तरी तुमच्या सध्याच्या व्यायामाने फार काही हलेल असं वाटत नाही, कारण त्याची मात्रा ठरलेलीच नाही. 'झेपेल त्या वेगाने' म्हटलं की दम लागणारा माणूस स्वतःला वाचवत चालतो. आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम तर यादीतच नाही. सीओपीडीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खचतात ते मांडीचे पुढचे स्नायू. खुर्चीतून उठणं, जिना, संडासातून उठणं सगळं त्यांच्यावरच असतं.

चालण्याचा वेग चाचणीवरून काढा. २७१ मीटर सहा मिनिटांत म्हणजे मिनिटाला ४५ मीटर. त्याचे ८० टक्के म्हणजे ३६ मीटर. १० मिनिटांत ३६० मीटर हे त्यांचं पहिलं लक्ष्य. ३० मीटरची पट्टी आखून दिली तर १२ खेपा. एका दमात झाल्या नाहीत तर तुकडे पाडा: एक मिनिट ठरलेल्या वेगाने, एक मिनिट उभ्याने विश्रांती. अशा तुकड्यांच्या व्यायामाचा फायदा सलग व्यायामाइतकाच होतो आणि धाप कमी लागते. दहा अंकांच्या बोर्ग मापावर धाप ४ ते ६ च्या दरम्यान राहिली पाहिजे. तीनच्या खाली असेल तर मात्रा कमी पडते आहे. ऑक्सिजन ८८च्या खाली गेला तर थांबवा, आणि वारंवार जात असेल तर व्यायामापुरता ऑक्सिजन लावायचा का हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला.

पायांची ताकद आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. खुर्चीतून उठणं, खुर्चीत बसून घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणं, कठड्याला धरून टाचा उचलणं, एक पायरी चढउतार. एवढे चार पुरेत. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, आधी एक फेरी, मग दोन, जमलं तर तीन. वजन असं निवडा की शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जातील. लागोपाठ दोन दिवस ठरल्यापेक्षा दोन वेळा जास्त जमल्या की वजन थोडं वाढवा. खुर्चीतून उठणं सोपं झालं तर खुर्चीची उंची कमी करा किंवा छातीशी वजन धरा. जोर लावताना श्वास सोडायचा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. श्वास कोंडून जोर लावला की नंतर दुप्पट धाप लागते.

हातांचे व्यायाम चालू ठेवा, पण आधाराशिवाय हात वर नेण्याचे आत्ता कमी करा. मान आणि खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करतात तेच हात वर धरतात, म्हणून डोक्यावर काही उचललं की धाप चटकन लागते. पकड २१ किलो आणि पोटरी ३० सेंमी हे दोन्ही आकडे स्नायूक्षयाकडे बोट दाखवतात. आशियाई निकषांत पुरुषांसाठी सीमा अनुक्रमे २८ किलो आणि ३४ सेंमी आहे. पोटरीचा घेर पाय सुजलेला असेल तर मोजू नका, आकडा खोटा येतो.

मोजमापाबद्दल. चाल-चाचणीत ३० मीटरच्या आतला फरक सुधारणा म्हणून धरू नये. तुमचे ९ मीटर चाचणीच्या चढउतारात जातात. एका मिनिटाच्या उठबशीत ३ चा फरक अर्थपूर्ण, तुमचा १ आहे. चाचणीचा मार्ग ३० मीटरचा सपाट हवा. १५ मीटरच्या मार्गावर वळणं दुप्पट होतात आणि अंतर घटतं, म्हणून दोन्ही वेळा मार्ग तोच होता ना हे तपासा. पहिल्यांदा चाचणी देणाऱ्याचं दुसऱ्या खेपेला अंतर सरावानेच वाढतं. त्यामुळे सुरुवातीला अर्ध्या तासाच्या विश्रांतीने दोनदा घ्या आणि जास्तीचं अंतर धरा. उठबशीसाठी हात नसलेली साधारण ४६ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर बांधून. दर चार आठवड्यांनी उठबशी, आठ ते बारा आठवड्यांनी चाल. शिवाय ४ मीटरचा चालण्याचा वेग सेकंदांत मोजून ठेवा. त्याला जागा लागत नाही आणि घरातल्या हालचालींचा अंदाज चांगला येतो. सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे शारीरिक क्षमता घसरलेली.

पुनर्वसन_कक्ष

मार्ग २० मीटरचा होता, दोन्ही वेळा तोच, पण चाचणी दोन्ही वेळा एकेकदाच घेतली. सुधारून घेतो. पायांचे व्यायाम या आठवड्यापासून सुरू करतो. व्यायाम जेवणाच्या किती आधी-नंतर ठेवावा? आणि चव जाणं, भूक मरणं हे आजाराचाच भाग म्हणून सोडून द्यायचं का?

छाती_विभाग

सोडून देऊ नका. तुमच्या माहितीत दोन ओळी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत: धूम्रपान चार महिन्यांपूर्वी बंद, आणि थिओफिलिन बरीच वर्षं चालू. सिगारेटच्या धुरामुळे यकृतात थिओफिलिन लवकर मोडलं जातं. धूर बंद झाला की तेच औषध हळू मोडतं आणि जुन्याच मात्रेत रक्तातली पातळी चढते. बंद केल्यावर आठवड्याभरात हा फरक पडतो आणि मात्रा बऱ्याचदा पाव ते एक तृतीयांशाने कमी करावी लागते. मळमळ, भूक मरणं, छातीत धडधड, झोप न लागणं ही पातळी चढल्याची लक्षणं. मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर धोका ठळक, पण वयस्कर माणसाला त्याच्या आतही मळमळ होते. त्यांना लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच पाठवून रक्तातली पातळी तपासून घ्या. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन मध्ये कधी दिलं गेलं असेल तर तेही सांगा, त्यांनीही पातळी वाढते. गोळी आपली आपण बंद करायची नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. धूम्रपान सोडल्यावर बहुतेकांचं वजन वाढतं. यांचं उतरतंय. सीओपीडीत वजन कमी होतंच असं म्हणून पुढे जाण्याआधी छातीचा एक्स-रे, आणि गरज वाटली तर सीटी. फुप्फुसाचा कर्करोग आणि क्षयरोग हे दोन्ही या वयात, या पार्श्वभूमीवर शोधलेच पाहिजेत. त्यासोबत साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि लोहाची स्थिती. मनःस्थितीचीही विचारपूस करा. नैराश्याने भूक जाणाऱ्यांची संख्या या आजारात कमी नाही.

अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून 'प्रथिनं कमी पडतायत' असा अर्थ लावू नका. जंतुसंसर्ग किंवा दाह असला की ते आपोआप उतरतं. पोषणाचा अंदाज वजन, स्नायू आणि खाल्ल्याची नोंद यांवरूनच घ्यावा.

तोंडाकडे बघा. लांब पल्ल्याच्या पंपांपैकी टायोट्रोपियमसारख्यांनी तोंड कोरडं पडतं, मग कोरडा घास फिरतच राहतो. पंपात स्टिरॉइड असेल तर जीभ आणि टाळूवर पांढरे चट्टे आहेत का पाहा. बुरशी असेल तर चव जाते आणि गिळताना जळजळतं. स्टिरॉइडचा पंप जेवणाआधी घेऊन चूळ भरायची सवय लावली तर हा त्रास बराच टळतो. साल्ब्युटामॉलचा पंप दिवसाच्या ठरलेल्या मर्यादेत बसत असेल तर जेवणाआधी १५ मिनिटं घेऊन बघा. कफ काढायचा असेल तो जेवणाच्या आधी अर्धा-एक तास. भरल्या पोटी खोकून काढायला गेलं की उलटी होते.

या रुग्णाला लागू नाही, पण इतरांसाठी: रोफ्लुमिलास्ट (सीओपीडीतला दाह कमी करणारी गोळी) घेणाऱ्यांत जुलाब आणि वजन घटणं ही ठरलेली तक्रार असते, आधीच बारीक असलेल्याला ते जपून. फुप्फुस आकसण्याच्या आजारात पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब दोन्ही अन्नासोबतच घ्यायचं, पिरफेनिडोन जेवणाच्या मध्यावर घेतलं तर मळमळ कमी. आणि उजव्या हृदयावर ताण येऊन पाय सुजले असतील तर काटा स्थिर दिसतो किंवा वर जातो, आणि आतून स्नायू झिजत असतात. अशा वेळी आधी सूज उतरवून मग वजन धरा.

पाच दिवसांहून अधिक जवळजवळ काहीच न खाल्लेल्या अतिकृश माणसाला मात्र घरी एकदम खाऊ घालू नये. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात आणि फॉस्फेट उतरलं की श्वासाचेच स्नायू दुबळे होतात. तिथे आधी रक्ततपासणी, थायमिन (ब१ जीवनसत्त्व), आणि देखरेखीखाली हळूहळू वाढ. ड जीवनसत्त्व मोजा. मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या खाली असणाऱ्यांत ते भरून काढल्याने आजाराच्या उचलींची (आजार अचानक बळावण्याची) संख्या घटते. त्याहून वर असलेल्यांना उचली टाळण्यासाठी म्हणून देण्यात अर्थ नाही, हाडांसाठीची गरज वेगळी बघायची.

सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, हात थरथरणं असं काही असेल तर धमनीतल्या रक्ताची वायूतपासणी. कार्बन डायऑक्साइड साठतोय का ते तिथे कळेल. पिष्टमय पदार्थ कमी करून तो प्रश्न सुटत नाही.

रोजची_कामं

जेवण हेही श्रमाचंच काम आहे, त्याची आखणी व्यायामासारखी करावी लागते. घास गिळताना सुमारे एक सेकंद श्वास थांबतो. मिनिटाला २५ श्वास घेणाऱ्याला हा एक सेकंदही परवडत नाही. निरोगी माणूस बहुतेक वेळा श्वास सोडता सोडता गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतो. धाप असलेला माणूस गिळल्या गिळल्या हवा आत ओढतो, आणि घशात उरलेलं अन्न त्या हवेबरोबर खाली जाऊ शकतं. जेवताना खोकला, जेवणानंतर ओलसर घोगरा आवाज, वरचेवर न्यूमोनिया, यांतलं काहीही असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या.

घरच्यांना असं शिकवा. जेवणाआधी १५ ते २० मिनिटं पूर्ण विश्रांती. आंघोळ आणि जेवण यांच्यात किमान एक तास. बसताना पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही कोपरं आणि हात टेबलावर, धड किंचित पुढे. असं टेकलं की खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. मऊसर, ओलसर अन्न, छोटा चमचा. घास गिळला की ओठ आवळून श्वास सोडायचा, मगच पुढचा घास. घास तोंडात असताना बोलायचं नाही, आणि घरच्यांनीही त्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत. लांब नळीने पिऊ नये, ओढायला जोर लागतो. फसफसणारी पेयं नकोत. जेवणाआधी आणि मध्ये पाणी घोटभरच, बाकीचं पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. २० ते २५ मिनिटांत जेवढं जाईल तेवढंच, उरलेलं दोन तासांनी. ताटाला तास लागला तर खाल्लेल्यापेक्षा दमणंच जास्त होतं.

कवळी असेल तर ती बघा. वजन उतरलं की हिरड्या आकसतात, कवळी सैल होते आणि माणूस चावायचं टाळतो. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ऑक्सिजनवर असणाऱ्याने जेवताना नाकातली नळी चालूच ठेवायची. मास्क काढून जेवणाऱ्यांचा ऑक्सिजन अर्ध्या जेवणातच उतरलेला असू शकतो, म्हणून जेवणापुरती नळी मागून घ्या.

रात्रीचं जेवण होत नाही याचं कारण बहुधा दिवसभराचा थकवा आहे. मोठं जेवण संध्याकाळी ठेवण्याचा हट्ट सोडा. कफ निघून गेल्यावर सकाळी उशिराची वेळ बहुतेकांना सर्वांत मोकळी जाते, तेव्हाचं खाणं भक्कम करा आणि संध्याकाळी पेय, मऊ काहीतरी. व्यायाम जेवणानंतर तासा-दीड तासाने, आणि व्यायामानंतर धाप बसली की दुधाचा एक भाग.

जी शक्ती इतर कामांत वाचेल ती जेवणाला आणि चालण्याला मिळते. आंघोळ स्टुलावर बसून, झरोका उघडा ठेवून, पाणी फार गरम नको. अंग पुसायला हात वर न्यावे लागतात, त्याऐवजी टॉवेलच्या कापडाचा झगा अंगावर घालून पाच मिनिटं बसलं की काम होतं. केस विंचरताना कोपर टेबलावर. बूट-मोजे वाकून घालू नयेत, पोट दाबलं जाऊन छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो. पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, लांब दांड्याचं साधन वापरावं. जिन्यात उभ्याने श्वास घ्यायचा, सोडत सोडत दोन पायऱ्या, पुन्हा थांबायचं. चाकांचा वॉकर द्यायला लोक संकोचतात, पण पुढे टेकून चालल्याने याच माणसांचं अंतर वाढतं आणि धाप कमी लागते. एकदा चाल-चाचणी वॉकरसह घेऊन रुग्णालाच फरक दाखवा. मग तो आपणहून मागेल.

आहारवही

थिओफिलिनचा मुद्दा आधी मार्गी लावा. मळमळ चालू असताना माझी वरची सगळी आखणी वाया जाईल.

नोंद कशी वाचायची तेवढं सांगतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी लघवीनंतर, त्याच कपड्यांत. वजन वाढतंय आणि उठबशीही वाढतेय: आहे तसं चालू ठेवा. वजन स्थिर पण उठबशी वाढतेय: हेही चांगलंच, घाई नको. वजन वाढतंय पण उठबशी जागच्या जागी: सूज आहे का बघा, नसेल तर चरबीच साठतेय, म्हणजे ताकदीचा व्यायाम कमी पडतोय. वजन उतरतंय: व्यायामाची मात्रा तेवढीच ठेवून आधी २५० कॅलरी वाढवा, मग मात्रा वाढवा. कुपोषित सीओपीडी रुग्णांना पूरक आहार दिल्याने वजन आणि चालण्याचं अंतर दोन्ही सुधारतं असं २०१२च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) निघालं आहे, त्यामुळे घरच्यांना ठामपणे सांगायला हरकत नाही.

आजाराची उचल आली की हे सगळं कोलमडतं, तेव्हा आधीच ठरवून ठेवा. त्या दिवसांत भूक जाते, खर्च वाढतो, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो. स्नायू सर्वांत वेगाने तेव्हाच जातात. ताटभर जेवणाचा आग्रह सोडून दर दोन तासांनी दुधाचा १०० ते १२५ मिलीचा भाग, आणि पलंगाच्या कडेला बसून दिवसातून तीनदा पाच-पाच वेळा उभं राहणं. एवढं टिकलं तरी नंतर परत वर यायला लागणारे आठवडे वाचतात.

लठ्ठ रुग्णांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. ३०च्या वर बीएमआय असलेल्यांतही मांडीचे स्नायू सुकलेले असू शकतात. तिथे प्रथिनं तेवढीच ठेवून कॅलरी माफक कमी करायच्या, आणि ताकदीच्या व्यायामाशिवाय वजन उतरवायचंच नाही.

पुनर्वसन_कक्ष

उद्याच त्यांच्या डॉक्टरांना थिओफिलिनची पातळी आणि एक्स-रेबद्दल चिठ्ठी देतो. कवळी आहे, वरची. सैल आहे का ते विचारलं नव्हतं. चार आठवड्यांनी वजन, उठबशी आणि आहारनोंद इथेच टाकतो.